बाईंची थंडीची कार्डं

बाईंना भेंडी खाताना मी कधी पाहिलं नाही. कापताना मात्र थंडीभर पाहिलं.

विश्रांतवाडीच्या आमच्या सोसायटीत त्या तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या, आम्ही दुसऱ्या. पालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. लग्न केलेलं नव्हतं. वॉचमनपासून अध्यक्षांपर्यंत सगळे त्यांना बाई म्हणायचे, म्हणून मीही बाईच लिहितो. त्या जाऊन आता वर्ष होत आलं. माझी बायको त्यांच्या आधी गेली. माझं शिक्षण चौथीपर्यंत, आणि तेही वर्गात बसलो एवढंच. तेव्हा जसं येतं तसं लिहितो.

भाजी घेताना लोक भेंडीचा शेंडा मोडून बघतात. कट्कन मोडली तर कोवळी, ती घ्यायची. बाई पण मोडून बघायच्या, पण मोडत नाही ती घ्यायच्या. भाजीवाला सुरुवातीला सांगायचा की आजी, ही जून आहे, शिजणार नाही. बाई म्हणायच्या, "शिजवायचीय कुणाला?" पुढे तो आपण होऊन जून भेंडी त्यांच्यासाठी बाजूला ठेवायला लागला. बाईंकडे शेळी आहे अशी त्याची समजूत होती. ती बाईंनी कधी मोडली नाही.

त्यांच्या फ्रिजमध्ये खायचं काही नसायचं. दही बाहेर, दूध बाहेर. आत ओल्या फडक्यात गुंडाळलेले अर्धे बटाटे, त्यांवर कोरलेली पानं, चंद्र, खिडक्या. आमची ही एकदा त्यांच्याकडे विरजण मागायला गेली तर म्हणाल्या, बाहेरचं आंबून गेलं, फ्रिजमध्ये जागा असती तर दिलं असतं.

आता कार्डांचं सांगतो. दिवाळीचे आकाशकंदील उतरले की बाई गच्चीवर सतरंजी टाकायच्या. सकाळचं ऊन, जाड पांढरा कागद दुमडून केलेली कार्डं, रंगाच्या बाटल्या, जुन्या गादीतल्या फोमचे तुकडे आणि भाजी. जून भेंडी आडवी कापून रंगात टेकवली की कागदावर चांदणी उमटते. अर्धा कांदा दाबला की पाण्यात खडा टाकल्यासारखी वलयं. फ्लॉवरचा तुरा उभा चिरून दाबला की झाड. सोसायटीतल्या बायका जमायच्या, सुट्टी असली की पोरं यायची. संक्रांतीपर्यंत हे चालायचं.

अध्यक्षांनी एकदा विचारलं, की बाई, ही कार्डं नेमकी कुठल्या सणाची? आमच्याकडे सगळ्या तऱ्हेचे लोक. नाताळची म्हटलं तर एकाच्या कपाळाला आठी, संक्रांतीची म्हटलं तर दुसऱ्याच्या. बाई कागदावरून मान न उचलता म्हणाल्या, "सणाची नाहीत, थंडीची आहेत. थंडी सगळ्यांना वाजते." अध्यक्ष म्हणाले तसं नाही, वर्गणीतून चहा द्यायचा तर नोंद कशाखाली करू? बाई म्हणाल्या, "चहाखाली."

कार्डात काही लिहायचं नाही, असा त्यांचा कायदा होता. आत कोरं. माणूस लिहायला लागला की खोटं बोलायला लागतो, असं त्यांचं म्हणणं. पाठवायचं ते पोस्टानं, हातात द्यायचं नाही. आणि ज्याच्याशी रोजचं बोलणं आहे त्याला तर नाहीच. "त्याच्यासाठी तोंड आहे ना देवानं दिलेलं?" स्वतः दर थंडीला एक कार्ड त्या ज्या साहेबानं त्यांची लांबच्या शाळेत बदली केली होती त्याला पाठवायच्या. त्याचं कधी उत्तर आलं का, असं मी विचारलं होतं. म्हणाल्या, "उत्तर यायला मी काय अर्ज केलाय?"

आमची ही दर वर्षी जायची. मी जायचो नाही. स्वारगेटच्या डेपोत टायर काढण्याघालण्यात माझा जन्म गेला. म्हातारपणी भेंडीचे शिक्के मारत बसायचं म्हणजे काय, असं मी तोंडावर बोलायचो. ही निळ्या बोटांनी भाकरी थापायला बसली की मी म्हणायचो, आधी हात घास. ती म्हणायची, घासलेत, हा रंग आतला आहे. तिची कार्डं जायची तिच्या शाळेतल्या मैत्रिणीला, आमच्या जुन्या चाळीतल्या शेजारणीला. तिच्या थोरल्या बहिणीला, अक्काला, कधी गेलं नाही, कारण अक्काशी रोज संध्याकाळी फोन असायचा. कायदा म्हणजे कायदा.

ही गेली भाद्रपदात. तेराव्यापर्यंत घरात माणसं होती. नंतर भांडं वाजलं तरी मीच वाजवलेलं. बाई भेटायला आल्या नाहीत. सगळी बिल्डिंग येऊन गेली, ह्या वरच्या मजल्यावर राहून आल्या नाहीत, हे माझ्या मनात होतं.

दिवाळी झाल्यावर एक दिवस दार वाजलं. बाई. "उद्या येताना फ्लॉवर आणा. गच्च बघून आणा, मोकळा नको."

मी म्हटलं, "बाई, आमच्याकडे यंदा सण नाही."

"मी सणाला बोलावलं का?" म्हणाल्या. मग जिन्याकडे वळून, "तिच्या जागेवर लोक पिशव्या ठेवतात. मला ते बघवत नाही." आणि गेल्या.

मी फ्लॉवर घेऊन गेलो. बायकांमध्ये एकटा पुरुष, मांडी घालता येत नाही म्हणून पाय पसरून बसलेला. लाज वाटत होती. बाईंनी एका जुन्या ताटलीत निळा आणि पांढरा रंग दिला आणि आभाळ करा म्हणाल्या. मी दोन्ही रंग बोटानं फेटून टाकले.

"अहो, दहीभात आहे का? कालवू नका. दोघांना शेजारी ठेवा आणि फोम मधून फिरवा. त्यांचं ते बघून घेतील."

तसं केलं तर खरंच वर गडद, खाली जाता जाता फिकट, आणि मधे कुठे निळा संपला ते कळत नाही असं काहीतरी झालं. मला बरं वाटलं. बरं वाटलं हेच पुढे अंगाशी आलं. दुसऱ्या दिवशी गेलो, तिसऱ्या दिवशी गेलो. सकाळी उठल्यावर काहीतरी करायचंय असं वाटायला लागलं. आंघोळ वेळेवर व्हायला लागली.

अक्का फलटणच्या पलीकडे एका गावात राहते. नातू आणि नातसुनेजवळ. ही गेल्यापासून दर महिन्याच्या तिथीला ती एसटीनं यायची, हिला आवडायचे म्हणून शेंगोळे करून डब्यात आणायची. हिच्या नावानं एक पान वाढायचं, गच्चीवर कावळ्याला घास ठेवायचा, आणि मग जेवून आम्ही दोघं बोलत बसायचो. बोलायची तीच. ही लहानपणी विहिरीत उतरली होती, हिनं बघायला आलेल्या एका पाहुण्याला चहात मीठ घालून दिलं होतं, कारण त्यानं दात बघितले होते. दर खेपेला एक गोष्ट, मला माहीत नसलेली. मुलाला आठवते ती आई. माझ्या आधीची ही फक्त अक्काकडे होती. एवढं एक दार माझ्यासाठी उघडं होतं.

त्या दिवशी गच्चीवर मी झाडाचा शिक्का मारत होतो. टायर बसवणाऱ्याचा हात, दाबला तो जोरातच. फ्लॉवर फुटला. कागदावर झाड उमटायच्या ऐवजी काळ्या रंगाचा एक फुगारा उमटला, एका बाजूला झुकलेला. बाईंनी तो उचलून लांब धरला, डोळे बारीक करून बघितला आणि म्हणाल्या, "अध्यक्ष."

आमचे अध्यक्ष केस काळे करतात आणि वाऱ्यावर ते एकाच बाजूला उभे राहतात. मला हसू फुटलं. बायका हसल्या म्हणून मी आणखी हसलो. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ही गेल्यावर पहिल्यांदा हसलो ते असं, पोट धरून, काळे हात वर करून.

आणि गच्चीच्या दारात अक्का उभी होती. धाप लागलेली, हातात डबा.

माझ्या मनात तिथी दुसऱ्या दिवशीची होती. पण अक्का डबा घेऊन आलेली बघितल्यावर मी धरून चाललो की चूक माझीच. मला हसायचं थांबवता येईना, ते घशात अडकून खोकला आला. अक्कानं सतरंजी बघितली, भाजी बघितली, माझे हात बघितले.

"चालू द्या, दाजी, तुमचं," म्हणाली. डबा कठड्यावर ठेवला आणि जिना उतरली. पाणीसुद्धा प्यायली नाही.

मी मागे धावलो नाही. काळ्या हातांनी कसं धावणार, असं तेव्हा वाटलं. हात घासून खाली आलो तोवर ती गेली होती. मग घाईघाईनं भात लावला, पान वाढलं, गच्चीवर घास ठेवला, तर ऊन कलून गेलं होतं आणि कावळे झाडावर परतले होते. कबुतरं आली आणि त्यांनी खाल्लं. हिला कबुतरांचा भारी राग होता. मी तिथे उभा राहून बघत होतो. त्यांना हाकलायचा मला काही हक्क राहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दार बंद करून आत बसलो. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. कोथरूडहून मुलाचा फोन आला. त्याच्यापर्यंत बातमी पोचली होती. बाबा, तुम्ही रमावं असंच आम्हाला वाटतं, पण आईला जाऊन किती दिवस झालेत, आणि त्या बाई एकट्या राहतात, लोक बघतात, असं तो चाचरत बोलला. स्वतःच्या पोराकडून हे ऐकून घेतलं. गच्चीवर जायचं बंद केलं. जिन्यात बाई दिसल्या की मी चपलेचा अंगठा बघायचो. त्यांनीही बोलावलं नाही.

अक्काला फोन लावला की वाजून वाजून बंद व्हायचा. नातू उचलायचा, ती शेतात गेलीय म्हणायचा, आणि मागे तिचा खोकला ऐकू यायचा. पुढच्या तिथीला ती आली नाही. मी एकट्यानं पान वाढलं. घास कावळ्यानं घेतला, पण सांगायला कुणी नव्हतं. असं वाटलं की ही उरलेलीही संपली, आणि ती मी हसण्यावारी संपवली.

शेवटी एक दिवस वर गेलो. बाई गच्चीवर एकट्याच होत्या. बायका चपात्या करायला खाली गेल्या होत्या. म्हटलं, अक्काला कार्ड पाठवायचंय.

"बोलणं आहे?"

"नाही."

"मग बसा."

मी चार कार्डं नासवली. पाचवं जमलं. वर गडद निळं, ते उतरत उतरत खाली पांढरं. अक्काच्या शेतावर थंडीत सकाळी असं धुकं असतं. त्यात एक झाड, पान नसलेलं. आता आत एवढंच लिहितो की अक्का, चुकलं, असं म्हणालो, आणि पेन मागितलं.

बाईंनी पेन दिलं नाही. "लिहिलंत की तुमचं मन मोकळं होईल. तिचं काय?"

मला पटलं नाही, पण वादही घातला नाही. पाकिटावर पत्ता बाईंनी घातला. माझं अक्षर पोस्टमनला लागलं नसतं. मागच्या बाजूला माझं नाव आणि बिल्डिंग. मी स्वतः जाऊन पेटीत टाकलं.

आता गावाकडची रीत बघा. बरी बातमी असली की कागदाच्या कोपऱ्याला हळदकुंकू लागतं, वर श्री असतो. नसलं की समजायचं. अक्काच्या हातात पाकीट पडलं. हळदकुंकू नाही, श्री नाही, अक्षर अनोळखी, पाठीमागे माझं नाव. आत काळवंडलेलं आभाळ आणि वाळकं झाड. नातवानं उलटंसुलटं करून सांगितलं, आजी, यात काहीच लिहिलं नाही. अक्कानं मला फोन लावला. मी पुन्हा गच्चीवर जायला लागलो होतो, त्या दिवशी संध्याकाळपर्यंत वरच, फोन घरात. मुलाला लावला, तो ऑफिसात, त्यानं कापला. मग तिनं पहिली एसटी धरली.

मी आणि बाई वर ताटल्या धूत होतो. बायका सतरंजी झाडत होत्या. खालून रडण्याचा आवाज आला. आमच्या बिल्डिंगमध्ये कुणीतरी गेलं असं वाटून मी पदर सावरणाऱ्या बायकांच्या मागोमाग जिना उतरलो. माझ्याच दारासमोर अक्का पायरीवर बसून छाती पिटत होती. आमच्या दाराला कुलूप. नवा वॉचमन बाजूला टोपी काढून उभा. त्याला मी कोण तेही माहीत नव्हतं. आणि माझं नाव घेऊन घेऊन अक्का सांगत होती की एवढं चांगलं माणूस, मी त्याला नाही नाही ते बोलले.

मी म्हटलं, "अक्का."

तिनं वर बघितलं. मला बघितलं, माझे हात बघितले. पुन्हा निळे.

"जित्तं हाय व्हय तुमी?"

"हो."

"मग दाराला कुलूप का घातलंय?"

बायका तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळल्या. मला जिना फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं. एकदा हसत बसलो म्हणून तिला रडवलं, आता जिवंत आहे म्हणून तिची फजिती केली.

घरात नेलं. बाई न बोलावता मागोमाग आल्या आणि माझ्याच ओट्यावर चहा ठेवला. अक्का पिशवीतून कार्ड काढून म्हणाली, "कोरं बघितलं आन् वाटलं, लिवायला मानूसच ऱ्हायला न्हाई."

"कोरं माझ्यामुळे," बाई म्हणाल्या. "ते चुकलं म्हणून लिहिणार होते. मी लिहू दिलं नाही."

अक्कानं कप खाली ठेवला. मग माझ्याकडे न बघता बोलायला लागली. त्या दिवशी तिथी नव्हतीच. चष्मा नातसुनेकडे राहिला होता, अक्कानं कॅलेंडरात अलीकडचा चौकोन धरला. घरी गेल्यावर कळलं. चार बायकांत दाजींचं तोंड उतरवून आले आणि चूक माझी. आता फोनवर काय सांगू, म्हणून फोन घेतला नाही. पुढच्या महिन्याला यायला पाय उचलेना. आणि हे कार्ड आलं तेव्हा वाटलं, सांगायचं राहूनच गेलं.

मी ऐकत होतो आणि मला दुसरंच कळत होतं. खरी तिथी होती त्या दिवशी मी दार लावून आत बसलो होतो. तिथी माझ्या ध्यानात होती. बरोबर ध्यानात होती. पण स्वतःवर विश्वास ठेवला नाही.

"म्हणजे खऱ्या दिवशी पान कुणीच वाढलं नाही," बाई म्हणाल्या.

त्या बाईंना असं बोलायची सवयच होती. झाकलेलं भांडं दिसलं की झाकण काढायचं. अक्का रडायला लागली. ते पायरीवरचं रडणं नव्हतं, हळू, नाक ओढत. मीही. दोन म्हातारी माणसं एकमेकांकडे न बघता, आणि बाई मधे खुर्चीवर, चहात बिस्कीट बुडवत. बिस्कीट संपल्यावर म्हणाल्या, "ओळखत होतात दोघंही एकाच मुलीला. मग विचारायचं ना एकमेकांना." कप विसळून ठेवला आणि वर गेल्या.

अक्का त्या रात्री राहिली. सकाळी मी तिला स्वारगेटला सोडायला निघालो तर बाई खाली येऊन रिक्षात बसलेल्या. कुठे, असं विचारलं तर म्हणाल्या, स्वारगेटला. रस्ताभर त्यांनी अक्काला आभाळ कुठल्या दोन रंगांचं आहे ते सांगितलं. अक्का म्हणाली, पुण्याचं आभाळ मळकं हाय. बाईंना ते मान्य झालं.

फलटणची गाडी लागली. अक्काला खिडकीची जागा मिळाली. मी खाली उभा होतो, पाण्याची बाटली पुन्हा पुन्हा देत होतो. गाडी सुरू झाल्यावर ती खिडकीच्या गजांना तोंड लावून म्हणाली, "दाजी, हसायचं आसंल तर हसा. तुमचं हसणं वाईट न्हाई. पर मला वगळून हसू नका. मी वर आले तवा वाटलं, तिला इसरायचं समद्यांनी ठरवलंय, मला एकटीलाच कुनी सांगितलं न्हाई."

गाडी वळून गेली. मी तिथेच उभा. इतके दिवस लाज वाटत होती ती माझी मला, की लोकांनी हसताना बघितलं, बायकांत बघितलं, पोरगा बोलला. ती जिना चढून वर आली तेव्हा तिला काय दिसलं असेल, हे मी एकदाही मनात आणलं नव्हतं. त्या लाजेत मी एकटाच बसलो होतो, पाय पसरून. मला वर बघवेना. किती वेळ तसा उभा राहिलो कोण जाणे. गाड्या, रिक्षा, हॉर्न, सगळं चाललेलं.

बाईंनी माझ्या कोपराला धरलं.

"मान वर करा," म्हणाल्या. "रस्ता ओलांडायचाय."